सांबा कुंबा आधी गेला की शेवटी

गुरुवारी दुपारी साडेतीनला, कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला रिफायनरीच्या गेटवर, एक राजा बोलता बोलता नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेला आणि ते अस्मिताच्या लक्षात आलं. घडलं ते एवढंच. गेटवरचा रखवालदार मासांबा सेक सेनेगलचा, वोलोफ बोलणारा, जन्माने गेवेल. म्हणजे राजांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या आणि ढोल वाजवून म्हणून दाखवायच्या, हे त्याच्या घराण्याचं पिढीजात काम. इथे तो पास तपासतो. पार्किंगकडे जाणारी बस यायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात तो अस्मिताला जोलोफच्या राजांच्या गोष्टी हप्त्याहप्त्याने सांगतो, असं गेले आठ महिने चाललेलं. आजचा राजा सांबा कुंबा. सांबा हे त्याचं नाव, कुंबा त्याच्या आईचं. उत्तरेकडून घोडेस्वार आले, प्रजा पळत नदीवर आली, होडी एकच. "बुरबा सबसे पहले नाव में बैठा, मॅडम," मासांबा सांगत होता. बुरबा म्हणजे राजा. "उधर उतरा, और नाव का तला तोड़ दिया. दुश्मन पीछे नहीं आना चाहिए ना. इधर जितना लोग रह गया..." आणि तेवढ्यात स्कॅफोल्डिंगवर काम करणारा अलियून नजाय हेल्मेट काखेत मारून आत आला, पाण्याच्या कूलरपाशी थांबला. मासांबा अडखळला नाही, खाकरला नाही. एक श्वास घेतला, इतकंच. "इधर जितना लोग रह गया था, सबको बुरबा ने पार कराया. औरत लोग, बच्चा लोग, बकरी भी. आखिर में खुद गया, ढोल पे बैठके." अलियून पाणी पिऊन, मान डोलावून, हसून गेला. तो गेल्यावर मासांबा म्हणाला, "ये नजाय है. सांबा कुंबा इसका दादा का दादा का दादा लगता है."

अस्मिताचं काम कागदपत्रं सांभाळायचं. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की जुनीवर 'रद्द' असा लाल शिक्का मारायचा आणि ती कोणाच्या हाती लागणार नाही हे बघायचं, यात तिची एकवीस वर्षं गेलेली. त्यामुळे तिने सवयीने विचारलं, की खरं कुठलं? आधी गेला की शेवटी? मासांबाला या प्रश्नाची गंमत वाटली. दोन्ही मी माझ्या बापाकडूनच ऐकलं, म्हणाला. ही गोष्ट किती वर्षांपूर्वीची, तर आमच्या घरात सात पिढ्या म्हणतात आणि आत्याच्या घरात अकरा. काही घरांत तर सांबा कुंबाला राजांत मोजतच नाहीत. "हम लोग का काम याद रखना है, मॅडम. और सामने कौन बैठा है, वो देखना है." मग मला का सांगितलंस ते पहिलं, असं तिने विचारलं, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, "आपका वो कुछ नहीं लगता ना." बस आली. अस्मिता बसमध्ये चढली, आणि पायरीवर पाय ठेवताना तिला तो श्वास आठवला. मासांबाचा नव्हे. असाच एक श्वास तिने गेल्या शुक्रवारी ऐकला होता, स्वतःच्याच दिवाणखान्यात, हातात चहाचा ट्रे घेऊन आत येताना. यूसुफचाचांचा.

घरी, एगैलापर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. त्या दिवशी धुळीने आभाळ पिवळट झालं होतं आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे भर दुपारी लागलेले. अस्मिता गाडी चालवत होती आणि मनातल्या मनात स्वतःशी भांडत होती. की बाई, उगाच काहीतरी जुळवू नकोस. चाचा बहात्तर वर्षांचे आहेत, श्वास घेणारच. पण तिला माहीत होतं की हा श्वास त्यातला नव्हे. इथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मुलांनी नव्वद सालच्या आठवणी गोळा करायच्या असं ठरलं होतं. इराकी फौजा आल्या, माणसं बसमधून बगदाद, तिथून अम्मान आणि मग विमानाने मुंबई, ती सगळी हकिगत जाणत्या माणसांच्या तोंडून. जुईली, अस्मिताची सोळा वर्षांची मुलगी, हौसेने फोन घेऊन कामाला लागलेली. पहिलं पान तिच्या आजोबांचं. रामभाऊ, त्या काळी एका कॉन्ट्रॅक्टरकडे ड्राफ्ट्समन. फहाहीलमधून एक बस ठरवली, चाळीस माणसांची यादी आपल्या सुरेख अक्षरात केली, सगळ्यांना चढवलं आणि स्वतः शेवटी चढले. मथळासुद्धा जुईलीने तोच दिला होता, 'शेवटी चढलेला माणूस'. दुसऱ्या पानावर यूसुफचाचा, दापोलीकडचे, रामभाऊंच्या इमारतीखाली ज्यांचं बकाल्याचं, म्हणजे किराणा मालाचं, दुकान होतं. त्यांचं नाव यादीत नव्हतं, कारण त्यांना दुकान सोडवेना. तीन आठवड्यांनी ट्रकच्या मागे बसून निघाले. रुकय्याचाचींना सातवा महिना होता. सरहद्दीवरच्या तंबूत मुलगी झाली, दोन दिवस जगली. पुढे मूल झालं नाही. मंडळात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते सांगताना प्रत्येक जण शेवटी थोडा उसासा टाकून तेच म्हणतो, की दुकानाच्या लोभापायी. अस्मितानेही म्हटलेलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा, आणि कोणाच्या लग्नात, कोणाच्या बारशात, तोंडात घास असताना.

बाबा खरोखरच शेवटी चढले होते. हे मात्र तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, बारा वर्षांची होती ती. म्हणजे गोष्ट खोटी नव्हती, आणि हेच तर वाईट होतं. खोटी असती तर एकदा कधीतरी फेकून देता आली असती. चढताना बाबांची एक चप्पल रस्त्यावर पडली आणि अनवाणी एका पायाने ते बगदादपर्यंत गेले, हा तपशील मात्र अस्मिताचा. कॉलेजात असताना कोणालातरी सांगताना गोष्ट जरा कोरडी वाटली म्हणून तिने ती चप्पल पाडली. आता आई, श्यामला, नाशिकला बसून फोनवर सांगते की चप्पल तपकिरी होती आणि मी अगं अगं म्हणेपर्यंत बस सुटली. स्मरणिकेतही चप्पल आहे. आणि बसमध्ये सगळ्यांनी वाटून खाल्लेली सांदणं आहेत, आईने पहाटे उठून केलेली. सिग्नलला थांबली असताना अस्मिताला पहिल्यांदाच वाटलं, की आईने त्याआधी किंवा त्यानंतर सांदणं कधी केली? कोकणातला पदार्थ, आणि नाशिकच्या बाईने? तिला सांदण कशात वाफवतात हे तरी ठाऊक असेल का? मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने गाडी पुढे काढली.

बस निघायच्या आदल्या दुपारचं आणखी एक दृश्य तिच्याकडे होतं, आणि ते ती कोणाला सांगत नसे. दुकानं बंद, घरात साधा कागद नव्हता, म्हणून बाबांनी यादी केली ती ड्रॉइंगच्या ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईने. ट्रेसिंगवरची शाई रबराने जात नाही. अर्ध्या ब्लेडने खरवडावी लागते, अगदी हलक्या हाताने, नाहीतर कागद फाटतो. मग त्या जागेवरून नखाची पाठ फिरवायची, म्हणजे खरखरीत झालेला कागद गुळगुळीत होतो आणि त्यावर पुन्हा लिहिता येतं. हे बाबांनी तिला दहाव्या वर्षीच शिकवलं होतं आणि तिचा हात त्यांच्यापेक्षा हलका होता, असं तेच सगळ्यांना सांगत. त्या दुपारी बाबांचे साहेब आणि त्यांची बायको येऊन गेली. बाबा दारापर्यंत सोडायला गेले, परत आले, बराच वेळ पंख्याखाली उभे राहिले. मग यादी तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "अस्मी, ह्या दोन ओळी काढ. हलक्या हातानं." त्यांनी नावं उच्चारली नाहीत. तिने वाचली. यूसुफ. रुकय्या. तिने वाचली आणि काढली, आणि खरं सांगायचं तर काढताना तिला काही वाटलं नाही. काम नीट जमतंय याचाच आनंद होता. मग त्या गुळगुळीत जागेवर बाबांनी दुसरी दोन नावं लिहिली. त्र्याण्णव साली ते साहेब कुवेतला परतले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बोलावलं ते रामभाऊंना. त्याच ओळखीतून पुढे अस्मिताला नोकरी, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, हा फ्लॅट, ही गाडी, जुईलीची शाळा. कधीकधी तिला वाटे, हे ब्लेडचं आपण नंतर रचलं असेल, चपलेसारखं. बाबांनी किती कागद तिच्याकडून खरवडून घेतले, त्यातलाच एखादा त्या दिवसात मिसळला असेल. असं वाटलं की तिला बरं वाटायचं. तीस-पस्तीस वर्षं ती या बरं वाटण्यावर जगत आली होती, आणि मीना अब्दुल्लाच्या गेटवर एका परक्या माणसाने एक श्वास घेऊन ते काढून घेतलं.

घरी जुईली डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली. रविवारी सगळं छापायला जायचं होतं. "यूसुफचाचांचं रेकॉर्डिंग दे जरा," अस्मिता म्हणाली. "आई, आय ऑलरेडी टाइप्ड इट." तरी दे म्हटल्यावर तिने खांदे उडवून फोन दिला. अस्मिता बाथरूममध्ये जाऊन, दार लावून, टबच्या कडेवर बसून ऐकू लागली. चोरासारखी, स्वतःच्या घरात. सुरुवातीला चाचा नव्हतेच. रुकय्याचाचींचा आवाज होता, ज्या मंडळात कधी चार वाक्यं बोलत नाहीत. "यादी आमच्याच दुकानाच्या काचेला लावलेली बघ. मी सकाळी आत दिवा लावला. आतल्या बाजूनं उजेड पडला, तर त्या कागदात..." इथे दार वाजलं. कप किणकिणले. हा ट्रे, ही मी, अस्मिताने मनात म्हटलं. मग श्वास. मग चाचा, सावकाश, हसऱ्या आवाजात, "दुकान सोडवलं नाय गो. नवा फ्रीज आणलेला ना. माणूस लोभी, दुसरं काय." आणि तिचा स्वतःचा आवाज, गोड, यजमानिणीचा, "चाचा, साखर कमी टाकलीय हं." तिने ते सहा वेळा ऐकलं. श्वास ऐकायला नाही. स्वतःचा तो आवाज ऐकायला. तो आवाज तिला सोसेना. बाहेर येऊन तिने विचारलं, चाचींचं बोलणं का नाही घेतलंस. जुईली म्हणाली, "इट वॉज इनकंप्लीट ना. तू आलीस आणि त्या गप्प झाल्या."

ट्रेसिंग पेपर उजेडासमोर धरला की खरवडलेली जागा ढगाळ दिसते, आणि लिहिणाऱ्याने पेन दाबलेलं असेल तर त्या ढगातून जुनं अक्षर वाचता येतं. हे अस्मिताला कोणी सांगायला नको होतं. म्हणजे त्यांना त्याच सकाळी कळलं होतं. बस सुटायच्या आधी. बाबा खाली उभे राहून एकेकाचं नाव वाचत होते तेव्हा काचेच्या आत ही दोघं उभी होती, आणि बाहेर आली नाहीत. आणि मग कुवेतला परत आल्यावर कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल, दुकान सोडवलं नाही का हो यूसुफभाई? बहुधा आईच म्हणाली असेल. आणि तेव्हा रामभाऊंची मुलगी तिथे कुठेतरी चटईवर बसून अभ्यास करत असणार, म्हणून त्या माणसाने एक श्वास घेतला असणार आणि स्वतःच्या मुलीचं मरण स्वतःच्या लोभावर घेतलं असणार. मग ते तसंच राहिलं. दर वर्षी ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचं भांडं येतं. अस्मिता ते भांडं धुऊन त्यात दिवाळीचे लाडू घालून परत पाठवते, आणि आपण जुना शेजार किती छान जपतो, असं तिला दर वर्षी वाटतं. बाबा चार वर्षांपूर्वी गेले तेव्हा चाचांनी मंडळाच्या शोकसभेत भाषण केलं होतं, शेवटी चढलेल्या माणसाबद्दल. सगळे रडले होते. चाचा सोडून.

तिने दोनदा ठरवलं की गप्प बसायचं. पहिल्यांदा कुकर लावताना: बाबा गेले, आई ऐंशीची, कशाला उकरायचं. दुसऱ्यांदा अंथरुणावर पडल्यावर: चाचांना जर बोलायचंच नाही, तर आपण कोण? आणि दोन्ही वेळा तिला दिसलं की ही कारणं किती पटकन सुचतात, मासांबाच्या बकऱ्यांसारखी एकामागून एक नदी पार होतात, आणि प्रत्येकीला पार करून शेवटी आपण ढोलावर बसून निघतो. शुक्रवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती जुईलीला म्हणाली, फोन चार्ज कर, सबाह अल-सालेमला जायचंय, चाचांकडे.

चाचांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. आता दुकान पुतण्या, सर्फराज, चालवतो. चाचा खिडकीशी बसून असतात. चाचींनी सरबत आणलं आणि त्या नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. जुईलीने फोन मध्ये ठेवला आणि बटण दाबलं. अस्मिताने गाडीत वाक्यं ठरवून आणली होती, चांगली होती ती, पण तोंड उघडल्यावर त्यातलं एकही आलं नाही. "चाचा, यादीतली तुमची नावं मी खरवडली. बाबांनी सांगितलं, पण हात माझा होता."

चाचांनी श्वास घेतला. या वेळी तिने तो डोळ्यांनी पाहिला, त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची वरची गुंडी किंचित वर आली. "कसली नावं?" ते म्हणाले. "नाव नव्हतंच आमचं. मीच रामभाऊंना बोललो, आम्हाला धरू नका, माझा माल पडलाय. तू केवढीशी होतीस. तुझ्या हातात ब्लेड कोण देणार? ऐकून ऐकून तुला वाटतंय गो, असं होतं माणसाचं." सगळं कसं सलग, कुठे ठेच नाही. इतकी वर्षं ते या दिवसासाठी हे तयार ठेवून बसले असावेत. आणि अस्मिताला, तिला स्वतःला किळस यावी अशा रीतीने, हायसं वाटलं. खरंच, कोण देईल बारा वर्षांच्या मुलीच्या हातात ब्लेड. जुईलीकडे बघून ती जवळजवळ हसली. म्हणजे बघ, चाचाच म्हणतायत, असं म्हणायला तिचे ओठ विलगलेदेखील. मग ते तसेच राहिले, कारण दारातून चाची बोलल्या.

"ब्लेड होतं तिच्या हातात," रुकय्याचाची म्हणाल्या.

चाचांनी मान वळवली. "रुकय्या."

"नाय, बोलू दे मला. ती आलीय ना आपल्या पायानं." त्यांनी हात पदराला पुसले, जरी ते ओले नव्हते. "मी सांदणं घेऊन वर गेलेली तुमच्याकडं. प्रवासात सगळ्यांना होतील म्हणून डबाभर केलेली. दार उघडंच होतं. तू टेबलावर वाकलेली, जीभ अशी बाहेर. मी पाठीमागं उभी राहिली. लांबून मला काय वाचता येतंय? मी म्हटलं, अगो, केवढं बारीक काम करते पोर. आणि तू मागं बघितलंस आणि हसलीस." त्या थांबल्या. "चांगली हसलीस. मला आवडलीस तू. मी खाली येऊन यांना म्हटलं, मुलगी झाली तर अशी हुशार होऊ दे."

अस्मिताला ते हसू आठवेना. सांदणांची चव आठवत होती, नारळाची, गोडसर. बसमध्ये तिने तीन खाल्ली होती आणि चौथं मागितलं होतं. चाचींचं मागे उभं राहणं आठवेना, डबा आठवेना. ब्लेड खरं होतं, आता त्याबद्दल काही शंका उरली नव्हती, आणि त्याच्याशेजारी एक हसू होतं, जे तिने स्वतःच्या गोष्टीतून इतकं हलक्या हाताने काढलं होतं की जागा गुळगुळीत झाली होती. लाज म्हणजे मान खाली जाते असं ती समजत होती. तिची मान वरच राहिली, कुठे बघावं हे तिला कळेना म्हणून. जुईली तिच्याकडे बघत होती, इतक्या बारकाईने की जणू आई नावाच्या बाईची आज पहिल्यांदा ओळख होत होती.

"मग बोलला का नाहीत तुम्ही?" अस्मिताने विचारलं. विचारताच तिला कळलं की यातही एक तक्रार आहे.

चाचा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माणसांत राहायचं होतं गो. आणि तू समोर असायचीस."

खाली कोणीतरी गाडी लावत होतं, पुढे-मागे, पुढे-मागे. जुईली हळूच म्हणाली, "आई, आय कॅन स्टॉप इट," आणि फोनकडे हात नेला. अस्मिताने तो हात धरला. "नको. चालू दे. आणि पहिलं पान काढायचंय आपल्याला, आजोबांचं. आपण नवं लिहू." मग ती फोनकडे वाकली, ऑफिसात ड्रॉइंगचे नंबर वाचते तसं, अक्षर आणि अक्षर वेगळं करून बोलू लागली. सप्टेंबर एकोणीसशे नव्वद. फहाहीलहून निघालेल्या बसची यादी, रामभाऊंच्या अक्षरातली. शेवटच्या काही ओळींतली दोन नावं माझ्या वडिलांच्या सांगण्यावरून मी माझ्या हाताने काढली. मूळ यादीप्रमाणे ती अशी होती. "नंबर अडतीस, यूसुफ. नंबर एकोणचाळीस, रुकय्या."

"सदतीस," चाची दारातून म्हणाल्या. "सदतीस आणि अडतीस. एकोणचाळीस तुझा होता."